निळे पुंजके

शनिवार, १४ सप्टेंबर १९९६

आज मणक्यात सुई टाकली, तपासणीसाठी हाडाचा तुकडा काढायला. आमच्या नर्सिंग होममध्ये पहिल्यांदाच. पेणमध्येही बहुधा पहिल्यांदाच.

पेशंट काळुराम, वय सत्तावन्न, राहणार जोहे. गणपतींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. ज्येष्ठापासून पाठ दुखते आहे. बसून बसून दुखते, असं घरच्यांनी आणि त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं. हंगाम संपल्याशिवाय दवाखाना नाही! शेवटचा ट्रक मुंबईला गेला आणि गुरुवारी आले. एक्स-रेत अकरावा मणका थोडा दबलेला. डॉ. टिपणीस म्हणाले, टीबी. इकडे मणका दबला की टीबीच.

पालथं झोपवलं, जागा बधिर केली. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर सुईचं टोक हाडात शिरताना दिसत होतं. काळुराम पालथे पडूनही बोलत होते. "डागतर, आमी सांच्यातून गनपती काढताव. तुमी माजे हाडातून काय काढताव?" डॉक्टर हसले नाहीत. घामाने त्यांचा चष्मा घसरत होता.

तुकडा आला तो आठ मिलिमीटर. उदबत्तीच्या काडीएवढा जाड. मी लॅबमधून आणलेली फॉर्मॅलिनची बाटली पुढे केली. फॉर्मॅलिनमध्ये मांस टिकतं पण जंतू मरतात; सलाईनमध्ये जंतू जगतात पण मांस टिकत नाही. म्हणून दोन भाग करायचे असतात. डॉक्टर म्हणाले, "एवढंसं तर आलंय, त्याच्या वाटण्या कशाला? सगळं सलाईनमध्ये. मुंबईला कल्चरला जाऊ दे." बाटली परत ठेवली.

तुकडा सलाईनमध्ये सोडण्याआधी दोन काचांवर फिरवून घेतला — सवय. एक काच टीबीच्या रंगाने रंगवली. मायक्रोस्कोपखाली शंभर जागा पाहिल्या. लाल काडी एकही नाही. निळ्या पेशींचे पुंजके बरेच. रिपोर्ट लिहिला: टीबीचे जंतू दिसले नाहीत. दुसरी काच न रंगवता पेटीत ठेवली.

पावणेपाचच्या एसटीने घरी, रोह्याला. गाडीत ज्याच्या त्याच्या मांडीवर गणपती. उभं राहून आले.

सोमवार, १६ सप्टेंबर

चतुर्थी. अप्पांनी पूजा सांगायला कुणाला बोलावलं नाही, स्वतःच पोथी वाचली. एकवीस मोदकांपैकी चार फुटले.

मंगळवार, २४ सप्टेंबर

सुट्ट्यांनंतर अधिकारी मॅडम आज आल्या. त्या पॅथॉलॉजिस्ट, पनवेलहून मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. अकरा काचा दाखवल्या. काळुराम यांची काच त्यांच्याकडे पाठवलेलीच नाही, त्यामुळे दाखवण्याचा प्रश्न नव्हता.

काळुराम यांच्या टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यात. कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे. टीबीचे जंतू सावकाश वाढतात. तोवर गोळ्या.

जुलैत एका रक्ताच्या काचेवर मला वेगळं काही दिसलं होतं. मी ते पेशंटच्या भावासमोरच डॉक्टरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "निदान मी करतो, श्यामला. तू आकडे दे." भाऊ हसला. तेव्हापासून आकडे देते. दशांशासकट.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

काळुराम आणि काशीबाई लॅबमध्ये आले होते. टीबीच्या गोळ्यांनी यकृत बिघडत नाही ना, ते बघायला दर महिन्याला रक्त तपासायचं असतं. काठी घेऊन आले. मागच्या वेळी काठी नव्हती.

काशीबाई आल्या आल्या तक्रार करायला लागल्या. "ताय, ह्येंना बोल जरा. रातभर उठतात. पाच पाच येला. मना नीज नाय."

"अगं, म्हातारा झालो तर उठनारच!" काळुराम म्हणाले. "नि ही रक्त काढनार, लघवी मागनार. आता लघवीची काय कमी नाय आमाला. पिंप भरून देताव."

"पिंप भरून व्हय! थेंब थेंब येते नि पिंपाच्या गोष्टी."

मी बाटली दिली. दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा बाटलीत जेमतेम तळ झाकलेला. "आखणीचा रंग बी एवडाच लागतो," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

जाताना दाराशी थांबले. पाय जड वाटतात म्हणाले. चिखलातून चालल्यासारखं. मी म्हणाले, ते डॉक्टरांना सांगा. "सांगितला गो. बोलतात, गोल्या चालू ठेवा, टीबीला येल लागतो."

यकृत ठीक आहे. एसजीपीटी ३४. लिहून दिलं.

बुधवार, ३० ऑक्टोबर

ती दुसरी काच पेटीतच आहे. रंगवायला वीस मिनिटं लागतात. आज दुपारी काम नव्हतं. रंगवली नाही. रंगवली आणि दिसलं, तर बोलावं लागेल.

रविवार, १० नोव्हेंबर

दिवाळी. चकल्या केल्या. अप्पांना दात नाहीत तरी दोन खाल्ल्या — चहात बुडवून.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी साडेनऊला जीप दाराशी थांबली. मागच्या बाकावर काळुराम आडवे. काल सकाळी उठायला गेले ते खालीच पडले. कमरेखाली दोन्ही पाय हलत नाहीत. लघवी तुंबली होती, नळी घातली तेव्हा नऊशे मिली निघाली. चौघांनी धरून आत नेलं. काशीबाई जीपपाशीच उभ्या राहिल्या, हातात त्यांच्या चपला. त्यांच्या म्हणजे काळुराम यांच्या.

डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचून पाहिली. टोचलेलं कळतं. हलवता मात्र येत नाही. "कळतंय तोवर आशा आहे," एवढंच बोलले.

दुपारच्या टपालात कल्चरचा निकाल. आठ आठवडे पूर्ण. वाढ नाही.

पेटी उघडली. काच घेतली, लेशमनच्या रंगाने रंगवली. वीस मिनिटं नाही, अठरा लागली. लेन्सखाली धरल्याबरोबर — शोधावंही लागलं नाही! पेशी एकमेकींना चिकटून, गोल करून, मधे पोकळी. टीबीत असं काही नसतं. हाडात या पेशींचं कामच नाही. त्या दुसरीकडून आलेल्या.

मग सप्टेंबरची पहिली काचही काढली. तेच पुंजके, निळ्या रंगात. तेवढेच स्पष्ट.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मॅडम आल्या तेव्हा त्यांनी पर्स खाली ठेवायच्या आतच काच त्यांच्यासमोर ठेवली. दोन मिनिटं पाहिलं. "हे कुठलं?"

"मणका. पाठीचा अकरावा."

"वय? पुरुष?" मी सांगितलं. "लघवीचा त्रास?"

"हो."

"मग प्रोस्टेट. तिथून हाडात उतरलंय. टिपणीसांना बोलव."

डॉक्टर आले, काचेत पाहिलं, पुन्हा पाहिलं. बोटाने तपासायला वॉर्डात गेले. परत आले ते हातमोजा काढत, कुणाकडे न पाहता. "प्रोस्टेट दगडासारखी आहे." मग माझ्याकडे वळले. "ही काच कुठे होती?"

मी म्हणाले, "सुईच्या दिवशी दोन केल्या होत्या. एक शिल्लक होती. काल कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून रंगवली."

हे सगळं खरं आहे. यातलं एकही वाक्य खोटं नाही.

प्रोस्टेटसाठी रक्तातलं ॲसिड फॉस्फेटेज केलं. आकडा चारच्या आत हवा. अडतीस आलं. नव्याने केलं. अडतीसच.

शनिवार, १६ नोव्हेंबर

दुसरी सुई. आज बारावा मणका, एक्स-रेत आता तोही पांढरा दिसतो आहे. काळुराम बोलले नाहीत. काशीबाईंना आत घेतलं नव्हतं. त्या दारालाच टेकून बसल्या होत्या, दार उघडलं तेव्हा जवळजवळ आत पडल्या.

तुकडा सात मिलिमीटर. डॉक्टरांनी सुई माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "तू ठरव." निम्मा फॉर्मॅलिनमध्ये, निम्मा सलाईनमध्ये, चार काचा. अधिकारी मॅडम खास थांबल्या होत्या. फॉर्मॅलिनची बाटली स्वतः पनवेलला घेऊन गेल्या.

जाण्याआधी हात धुताना मॅडम मला म्हणाल्या, "हा बरा कॅन्सर असतो, माहितीये? पुरुषाच्या हार्मोनवर जगतो. एक छोटं ऑपरेशन करून ते तोडलं की आठवड्यात दुखणं थांबतं. हाडात पसरलेला असूनही माणसं वर्षानुवर्षं चालतात, शेती करतात. फक्त पाय जायच्या आत यायला हवं." नळ बंद केला. "उशिरा येतात गं आपल्याकडे."

मी टॉवेल दिला.

रविवार, १७ नोव्हेंबर

ही वही मागे उलटून पाहिली. १४ सप्टेंबर, माझंच अक्षर — "निळ्या पेशींचे पुंजके बरेच." म्हणजे दिसलं नव्हतं असं मला स्वतःलाही म्हणता येणार नाही. दिसलं, मोजलं नाही पण दिसलं, आणि इथे लिहून ठेवलं. रिपोर्टवर लिहिलं नाही.

त्या दिवशी मला नेमकं काय वाटलं होतं ते आठवून बघितलं. भीती नव्हती. पुंजके नीट जुळलेले, आणि टीबीत पेशी अशा जुळून येत नाहीत, हे माहीत होतं. दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत हेच विचारलं होतं मला! मग वाटलं — मला लाल काड्या विचारल्यात. काड्या नाहीत. बाकीचं निदान डॉक्टर करतील. आकडे द्यायचे ना, घ्या आकडा: शून्य. आणि ते लिहिताना थोडं बरं वाटलं होतं. हे लिहायला दोन महिने लागले. बरं वाटलं होतं.

जुलैत अपमान झाला तो चार सेकंदांचा. त्याचं उट्टं मी दुसऱ्याच माणसाच्या पाठीवर काढलं.

त्यानंतरचे दिवस मोजले. १४ सप्टेंबर ते १३ नोव्हेंबर. साठ. त्यातले निदान पंचेचाळीस दिवस ते स्वतःच्या पायांनी एसटीत चढत होते. आमच्या लॅबच्या तीन पायऱ्या चढून माझ्यासमोर आले, पाय जड वाटतात म्हणाले, आणि मी एसजीपीटी लिहून दिलं.

बुधवार, २० नोव्हेंबर

मॅडमचा रिपोर्ट आला. जे वाटलं तेच. सकाळी सहाच्या ॲम्ब्युलन्सने मुंबईला नेलं. ऑपरेशन, मग पाठीला किरणांचे शेक.

बुधवार, १८ डिसेंबर

काळुराम परवा घरी आले. ऑपरेशन झालं, शेक पुरे झाले. दुखणं गेलं, रात्री झोपतात. पाय हलत नाहीत.

आज काशीबाई लॅबमध्ये आल्या. मी त्यांना पाहून उठले तर त्यांनी आधी दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या. पोह्याचे पापड, दोन प्रकारचे — लसणीचे आणि बिनलसणीचे. "तुमी बामनं का कोन ते म्हाईत नाय, म्हनून दोनी." आम्हाला सगळं चालतं, मी म्हणाले. "मंग लसनीचेच खा."

डॉक्टर केबिनमधून बाहेर आले. काशीबाईंना माझ्याबद्दल सांगू लागले. हिने ती काच जपून ठेवली होती म्हणून कळलं, नाहीतर आपण अजून टीबीच्या गोळ्याच देत बसलो असतो. हिच्यामुळे. दोनदा म्हणाले, हिच्यामुळे. खरं तर त्यांना स्वतःबद्दल बोलायचं होतं. सरळ बोलता येत नव्हतं, म्हणून माझं कौतुक. काशीबाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात खरखरीत, मातीने तडकलेले. मी ते सोडवून घेतले नाहीत. एवढंच केलं.

जाताना म्हणाल्या, "ह्ये लय मनाला लावून घेतात गो. सकाल-संद्याकाल एकच बोलतात: माजीच चूक. पाठ दुकत व्हती तवाच आलो असतो तर पाय ऱ्हायले असते. हंगामाच्या नादात मीच माजे पाय घालवले. मी किती सांगताव, जाऊ दे, नशीब. नाय ऐकत."

मी काय म्हणाले? "पापडांबद्दल थँक्यू," म्हणाले!

रविवार, २२ डिसेंबर

अप्पांनी पापड भाजले. त्यांचा चौथा पापड होईस्तोवर मी एकही घेतला नाही, तेव्हा त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि विचारलं. अप्पा पस्तीस वर्षं रोह्यात गणित शिकवत होते. गप्प बसलेल्या मुलाकडून उत्तर काढायची त्यांची पद्धत म्हणजे आपणही गप्प बसायचं. दहा मिनिटांत सगळं सांगितलं.

अप्पांनी गॅस बंद केला. मग म्हणाले, "विचारलं तेवढंच लिहा, जास्त लिहिलंत तर मार्क कापीन. हे मी जन्मभर वर्गात सांगत आलो. तुलाही सांगितलं."

"ते पेपराबद्दल."

"पेपराबद्दलच. पण तू घरीही तशीच राहिलीस." मग जरा वेळाने: "सांगायचं म्हणतेस त्यांना?"

"हो."

"ओझं कुणाचं उतरेल? तुझं की त्यांचं?"

या प्रश्नावर रात्रभर विचार करावा लागेल असं त्यांना वाटलं असणार. मला नाही लागला. काळुराम रोज स्वतःला दोष देतात. तो दोष त्यांचा नाही. ते आले तेव्हा वेळ होती. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, आणि हे नक्की माहीत असलेली माणसं या जगात दोनच — मी आणि आता अप्पा.

माझं ओझं उतरावं असंही वाटतं. ते खोटं कशाला लिहू.

मंगळवार, ७ जानेवारी १९९७

आधी डॉ. टिपणीस यांना सांगितलं. त्यांच्यापासून लपवून जोह्याला जाणं बरोबर नव्हतं.

सप्टेंबरची पहिली काच टेबलावर ठेवली. म्हणाले, "ही तर टीबीची."

"पुंजके आहेत त्यात. मी त्याच दिवशी पाहिले होते."

त्यांनी काच उजेडासमोर धरली. काचेत नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नाही, तरी धरली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही जुलैत म्हणाला होतात, आकडे दे."

त्यांना जुलैचं काही आठवत नव्हतं! मी तारीख सांगितली, पेशंटचं नाव सांगितलं. तरी आठवलं नाही. साठ दिवस मी ज्या वाक्याचा सूड घेत होते ते वाक्य बोलणाऱ्याला माहीतही नाही.

मग ते उठून खिडकीपाशी गेले. "एक्स-रेत मणक्यांमधली चकती शाबूत होती," म्हणाले. "टीबीत आधी चकती जाते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलंय. आणि लघवीचं मी विचारलंच नाही. पाठ दाखवायला आलेल्या माणसाला लघवीचं कोण विचारतं!" थांबले. "कशाला उकरून काढतेस आता? कुणी विचारलंय का?"

"कुणी विचारत नाही म्हणूनच."

"नर्सिंग होमचं नाव..." असं म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं. मग म्हणाले, "तुला जायचं तर जा. जाशील तर माझंही सांग. सगळं सलाईनमध्ये टाक म्हणून मीच सांगितलं होतं, तेही सांग."

स्वतः येतो म्हणाले नाहीत.

रविवार, १२ जानेवारी

जोह्याला गेले. हमरापूर फाट्यावर उतरून चालत. भात कापून गेलेली शेतं, मधेच एखाद्या खळ्यात उन्हात वाळत घातलेले गणपती — बिनरंगाचे, ओळीने, सगळे एकाच दिशेला तोंड करून. काळुराम यांचं घर विचारावं लागलं नाही. "पाय गेलेले काळूदादा ना?" पहिल्याच बाईने विचारलं.

घराच्या पडवीतच कारखाना. एका कोपऱ्यात खाट. पाठीमागे उशा रचून त्यांना अर्धवट बसवलेलं, मांडीवर पाट, पाटावर वीतभर गणपती. बोटीने परदेशी जाणाऱ्या मूर्ती आधी रंगवतात म्हणे. एक डोळा आखून झाला होता. दुसरा चालू होता.

"आली का आमची सुईवाली!" मान वर न करता म्हणाले. "काशे, च्या टाक. दूध घाल. ही शहरातली."

"रोहा काय शहर?" काशीबाई आतून.

"तुज्या म्हायेरापरीस शहर."

मी स्टुलावर बसले. चहा यायच्या आत सांगायचं ठरवलं होतं, कारण चहा घेऊन मग सांगणं बरं नाही. वाक्यं पाठ करून आले होते. क्रमाने सांगितलं. पहिल्या सुईच्या दिवशी काचेवर त्या पेशी होत्या. मी त्या पाहिल्या. मला टीबीचे जंतू आहेत का एवढंच विचारलं होतं. नाहीत, एवढंच मी लिहिलं. बाकीचं बोलले नाही. डॉक्टरांनीही सगळा तुकडा एकाच तपासणीला पाठवला, ती त्यांची चूक, ती त्यांनी सांगायला सांगितली आहे. पण मला दिसलं होतं. तुम्ही उशिरा आलात म्हणून पाय गेले नाहीत. तुम्ही आलात तेव्हा वेळ होती.

काशीबाई कपबशा घेऊन दारात उभ्या होत्या. "म्हंजे तुना दिसला व्हता?"

"हो."

"नि बोलली नाय?"

"नाही."

"का पन?"

हे मी पाठ केलं नव्हतं. "रागाने," म्हणाले. "तुमच्यावर नाही. दुसऱ्यावर."

काळुराम यांचा हात चालूच होता. दुसऱ्या डोळ्याची वरची रेघ पुरी केली, मग खालची, मग बुबुळ. कुंचला धुतला, पाण्याच्या वाटीच्या काठाला नीट निथळवला, आडवा ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"गनपतीत मी चालत व्हतो."

"हो."

"कोजागिरीला बी. देवलात जाऊन आलो."

"हो."

"तवा बोलली असतीस तर चाललो असतो अजून?"

"बहुतेक." नक्की असतं तर नक्की म्हणाले असते. "शंभरातले ऐंशी."

का सांगितला तो आकडा! त्यांनी मागितलाही नव्हता.

काशीबाईंनी कपबशा खाली ठेवल्या. दोन कप. खाली ठेवताना एक कप बशीत हिंदकळला, चहा सांडला, त्यांनी पुसला नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून तशाच उभ्या.

"मी हितं पडून पडून स्वतालाच शिव्या घातल्या," काळुराम म्हणाले. आवाज चढवला नाही. "महिनाभर. पोरगा बोलला, बाबा जाऊ दे. ही बोलली. मी बोललो, नाय, माजीच चूक." मग पाटावरची मूर्ती उचलून बाजूला ठेवली, भिंतीकडे तोंड करून. तिचा रंग ओला असतो म्हणून तशी ठेवतात की काय, मला माहीत नाही. "जा गो आता. परत येऊ नको हिकडं."

उठले. चप्पल घातली. आतल्या बाजूला कुणीतरी साचा ठोकत होतं. तो आवाज थांबला होता.

फाट्यावर एसटीला पन्नास मिनिटं. एक म्हातारी विचारत होती, कोनाकडं आलीस गो? काळुराम यांच्याकडे म्हणाले. "बिचारा," म्हणाली. "देवमानूस. त्याच्या हातच्या डोल्यांकडं बघून लोकं गनपती पसंत करतात." मी हो म्हणाले.

सोमवार, १३ जानेवारी

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ते बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसले.

मंगळवार, २८ जानेवारी

पाठ आणि नळी बघायला नर्स जोह्याला जाते. आज ती परत आल्यावर मी काही विचारलं नाही, तिनेच सांगितलं. लघवीची नळी काढली, आपोआप होते आहे. चेहरा भरलाय. माझं नाव तिथे कुणी काढलं नाही. पापड मात्र अजून डब्यात आहेत. अप्पा एकटे खातात, रोज एक.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चिपळूणच्या एका बाईंची काच. हिमोग्लोबिन विचारलं होतं. पांढऱ्या पेशी ठीक वाटल्या नाहीत. रिपोर्टच्या खाली दोन ओळी जास्त लिहिल्या. डॉक्टरांनी वाचल्या, सही केली. बरं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. ज्याच्यासाठी हे आधी करायला हवं होतं तो माणूस खाटेवर आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

अकरा वाजता लॅबमध्ये फोन. हमरापूरच्या पीसीओवरून काशीबाई — ओरडून बोलत होत्या, मागे एसटीचा हॉर्न. "ताय, उजव्या पायाचा आंगठा हालला! सकालपासून तीनदा!" मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. त्यांना वाटलं फोन कटला. "हाय ना गो? ऐकतंस ना? ह्येंनीच पाठवला मना. बोलले, पयला तिला सांग."